जिल्ह्याची टक्केवारी आणि मानपाड्याची शाळा

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर आणि दुसरे डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. पहिले ठाणे महापालिकेच्या हद्दीत, दुसरे कल्याण-डोंबिवलीच्या. शाळांचे चालक वेगळे, शिक्षक वेगळे, मुले वेगळी. परंतु राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीचा निकाल लागतो तेव्हा या दोन्ही मानपाड्यांच्या वाट्याला मिळून एकच आकडा येतो. तोच आकडा शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या शाळेचा असतो आणि भिवंडीतील उर्दू शाळेचाही. मग बैठका होतात, शेजारच्या जिल्ह्याशी तुलना होते आणि 'आपण मागे का?' हा प्रश्न वरून खाली घरंगळत शेवटी तिसरीच्या वर्गशिक्षिकेच्या टेबलावर येऊन थांबतो.

या प्रश्नाचे उत्तर त्या शिक्षिकेने द्यायचे किंवा नाही हे ठरवण्याआधी, तो आकडा कसा तयार झाला हे तिला माहीत असले पाहिजे. प्रयोगशाळेत कोणी नुसते 'लांबी ५८' असे सांगितले तर आम्ही विचारतो : कशाने मोजली, किती वेळा मोजली, आणि चूक किती धरायची? शाळांच्या बाबतीत हे तीन प्रश्न विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण जिल्हा पातळीवर पहिल्यांदा १३ नोव्हेंबर २०१७ रोजी झाले. त्यात तिसरी, पाचवी आणि आठवीचे सुमारे २२ लाख विद्यार्थी होते. पुढचे १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. दहावीची भर पडली, विद्यार्थी सुमारे ३४ लाख झाले. त्यानंतरचे ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' या संस्थेच्या नावाने झाले. त्यात ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळा आणि २१ लाखांहून अधिक विद्यार्थी होते, पण इयत्ता बदलून तिसरी, सहावी आणि नववी झाल्या. २०१७ मध्ये निकाल टक्क्यांत होता, २०२१ मध्ये ५०० च्या मापनश्रेणीवर, २०२४ मध्ये पुन्हा टक्क्यांत. २०१७ मध्ये फक्त शासकीय व अनुदानित शाळा होत्या. २०२१ मध्ये खाजगी विनाअनुदानित शाळाही आल्या. एका वेळी इंचात, दुसऱ्या वेळी सेंटिमीटरमध्ये आणि दर वेळी वेगळ्या मुलाची उंची मोजून 'मूल किती वाढले?' असे विचारावे, तसा हा प्रकार आहे. या तीन आकड्यांमधून रेघ ओढून चढ-उतार दाखवणाऱ्या आलेखाला काहीही अर्थ नाही.

आता मोजले कोणाला ते पाहू. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राच्या शहरी भागात ४ ऑक्टोबरपासून फक्त आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झालेले होते. पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला डिसेंबर उजाडला. म्हणजे १२ नोव्हेंबरला ठाणे किंवा डोंबिवलीत तिसरीच्या ज्या मुलांनी ही चाचणी दिली, ती तिसरीच्या वर्गात त्याआधी बसलेलीच नव्हती. दुसरीचे त्यांचे सगळे वर्ष बंद शाळेत गेले होते. केवळ चाचणीसाठी म्हणून बोलावल्यावर त्या दिवशी कोणती मुले आली असतील? ज्यांच्याशी शिक्षकांचा संपर्क टिकून होता, ज्यांच्या घरी निरोप पोहोचत होता, ती. जी कुटुंबे काम बुडाल्यामुळे उत्तरेकडे गावी निघून गेली ती आकड्यात नाहीत. सर्वेक्षणात न आलेले मूल हे शून्य गुण मिळवलेल्या मुलाप्रमाणे सरासरी खाली ओढत नाही. ते सरासरीतून अदृश्य होते आणि उलट सरासरी वर जाते.

टाळेबंदी हा अपवाद होता असे कोणी म्हणेल. परंतु ४ डिसेंबर ही तारीखही निर्दोष नाही. मुरबाड, शहापूर, भिवंडी या भागांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची नावे हजेरीपटावर असतात, मुले भट्टीवर असतात. मानपाड्याच्या बाजूला बांधकामांवर आलेल्या मजुरांच्या मुलांची गोष्ट याच्या उलटी : मूल इथे असते, नाव कुठल्याच पटावर नसते. शाळेत जाऊन घेतलेली कोणतीही चाचणी या दोन्ही मुलांना चुकवते. 'प्रथम' संस्थेचे 'असर' सर्वेक्षण २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना तोंडी वाचायला लावते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्याची जिल्हावार पाहणी ग्रामीण भागाची आहे. त्यातले 'ठाणे' म्हणजे खेड्यांतले ठाणे. त्यात ठाणे शहर नाही आणि डोंबिवलीही नाही. तरीही त्या आकड्याची बातमी आली की महापालिकेच्या शाळांकडे बोट दाखवले जाते.

जिल्ह्याच्या सीमेचेही असेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू, वाडा, पालघर आणि वसई हे आठ तालुके गेले, सात उरले. समजा (आकडे कल्पित आहेत) जिल्ह्याच्या सोयीच्या भागात ७० टक्के मुलांना एखादे उदाहरण येते आणि दुर्गम भागात ४० टक्के मुलांना. मुलांची वाटणी ६० : ४० असेल तर जिल्ह्याची सरासरी ५८ येते. दुर्गम भागाचा मोठा हिस्सा वेगळा होऊन वाटणी ८० : २० झाली, तर सरासरी ६४ होते. सहा टक्क्यांची ही 'प्रगती' एकाही मुलाला एकही नवे उदाहरण न येता झाली! (खरा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण गेलेल्या तालुक्यांत वसई-विरारसारखा शहरी भागही आहे.) आजच्या ठाणे जिल्ह्यातही सहा महापालिका आणि शहापूर-मुरबाडचा डोंगराळ भाग एकत्र नांदतात. शासकीय शाळा अशा एका खान्यात जिल्हा परिषद आणि महापालिका दोन्ही येतात. तेव्हा तो खाना पाहूनही मानपाड्याचे काही कळत नाही.

यापुढचा मुद्दा चुकीच्या प्रमाणाचा. सर्वेक्षणात सगळी मुले नसतात, नमुना असतो. काही शाळा निवडतात आणि प्रत्येक शाळेतून एका वर्गातली काही मुले. नमुन्यावरून काढलेल्या आकड्यात चूक असतेच. त्यात लाजण्यासारखे काही नाही. चूक किती, ते मात्र सांगितले पाहिजे. एका इयत्तेसाठी जिल्ह्यातून ५० शाळा आणि दर शाळेतून २५ मुले घेतली असे धरू. एकूण १,२५० मुले. जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांच्या चिठ्ठ्या एका पिंपात घालून १,२५० उचलल्या असत्या, तर ५० टक्क्यांच्या आसपासच्या निकालात सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक धरावी लागली असती. पण मुले सुटी सुटी उचललेली नाहीत, वर्गावर्गाने उचललेली आहेत. एका वर्गातली मुले एकाच वस्तीतली, एकाच शिक्षकाने शिकवलेली, म्हणून पुष्कळशी एकमेकांसारखी. पंचविसांपैकी दहांना विचारले की उरलेल्या पंधरांबद्दल आपल्याला निम्मे-अधिक आधीच कळलेले असते.

हे साम्य मोजण्यासाठी संख्याशास्त्रात एक गुणांक वापरतात. तो ०.३ धरला (शाळांच्या बाबतीत हे अवास्तव नाही) तर १ + (२५ − १) × ०.३ = ८.२ येतात. १,२५० ला ८.२ ने भागले की १५२. म्हणजे साडेबाराशे मुलांच्या आपल्या भरघोस नमुन्यात माहिती आहे ती फक्त दीडशे सुट्या मुलांइतकी! आता चूक सुमारे ८ टक्के होते. जिल्ह्याचा निकाल '५८' नसून '५० ते ६६ च्या दरम्यान कुठेतरी' असा वाचायला हवा. अशा दोन जिल्ह्यांची तुलना करायची तर दोघांच्या चुका एकत्र येऊन ११ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. क्रमवारीत नववा आणि सतरावा यांत खरोखर काही अंतर आहे की नाही, हे बऱ्याचदा सांगता येणार नाही.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर वर्गात करून पाहा. आठवी-नववीची मुले एका तासात करतील. १०० हरभरे आणि १०० वाळलेले वाटाणे घ्या. सगळे एका पिशवीत मिसळून, न पाहता ४० दाणे काढा. हरभरे किती ते फळ्यावर लिहा. दाणे परत टाकून असे दहा वेळा करा. आकडे बहुधा १४ आणि २६ च्या दरम्यान राहतील, बरेचसे २० जवळ. आता तेच दाणे काडेपेटीच्या २० रिकाम्या पेट्यांत दहा-दहा भरा : दहा पेट्यांत ९ हरभरे व १ वाटाणा, उरलेल्या दहांत १ हरभरा व ९ वाटाणे. पेट्या मिसळून डोळे मिटून चार उचला. दाणे पुन्हा ४० च आहेत. पण आता हरभरे ४, १२, २०, २८ किंवा ३६ एवढेच येऊ शकतात, आणि दर दोन वेळांपैकी साधारण एकदा १२ किंवा २८ येतील. पिशवी तीच, दाणे तेच, मोजणारे तेच. फक्त पेट्यांनी उचलल्यामुळे अंदाज एवढा हेलकावतो. शाळा म्हणजे अशा पेट्या आहेत.

याच गणिताचे दुसरे टोक लहान शाळांना भोगावे लागते. राज्यात २०२३-२४ पासून शासकीय व अनुदानित शाळांत पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात. त्यात नमुना नसतो, सगळी मुले असतात. मग शाळावार याद्या निघतात. शहापूरकडच्या एखाद्या शाळेत तिसरीत सहा मुले. एकाला त्या दिवशी ताप आला की शाळेचा निकाल सतरा टक्क्यांनी हलतो. ठाण्यातल्या साठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे दोन टक्केही नाही. त्यामुळे यादीच्या अगदी वर लहान शाळा दिसतात आणि अगदी तळाशीही लहान शाळाच दिसतात. अमेरिकेत यादीच्या वरच्या टोकाकडेच पाहून 'लहान शाळा उत्तम' असा निष्कर्ष निघाला आणि मोठ्या शाळा फोडण्यावर अफाट पैसा खर्च झाला. खालचे टोकही लहान शाळांनीच भरलेले होते, हे हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे पहिल्या वर्षी सत्कार झालेल्या शाळेला दुसऱ्या वर्षी खुलासा मागितला जातो, त्यामागे पुष्कळदा हेच असते. शाळा बदललेली नसते, नाणे दुसऱ्या बाजूवर पडलेले असते.

आता टक्क्याच्या अर्थाविषयी. २०२५ मध्ये 'परख'चा अहवाल आल्यावर बातम्या झळकल्या की सहावीच्या फक्त ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे येतात. ज्या क्षमतेचा हा आकडा आहे तिच्यात एकट्या पाढ्यांचा समावेश नाही. गणिती क्रिया समजणे आणि वापरणे हेही तिच्यात आहे. पाढा तोंडपाठ असूनही भागाकार कुठे करायचा हे न कळणारे मूल आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दुसरे असे की चार पर्यायांच्या प्रश्नात ज्याला काहीच येत नाही त्याचेही चारांत एक उत्तर बरोबर येते. एखाद्या प्रश्नाला ५३ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले असेल आणि न येणाऱ्यांनी नुसता अंदाज केला असेल, तर ज्यांना खरोखर येते ते ५३ नव्हेत, सुमारे ३७ टक्के. उलट दिशेलाही चूक असते. 'प्रत्येकी', 'अनुक्रमे', 'पैकी' हे शब्द अडले की मूल गणितात नापास होते, अडलेले मात्र मराठी असते. घरी भोजपुरी किंवा कन्नड बोलणारी मुले मराठी माध्यमात शिकतात अशा वर्गात गणिताची चाचणी किती प्रमाणात गणिताची असते, हा विचार करण्याचा प्रश्न आहे.

इथवर जे सांगितले ते मापनातले दोष. ते सुधारता येतात, आणि या सर्वेक्षणांची गरज नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. देशातल्या मुलांना काय येते हे मोजलेच नाही तर ज्यांना येत नाही त्यांची आठवणही कोणाला होणार नाही. खरी अडचण वेगळी आहे. तापमापीचा उपयोग छडी म्हणून केला की तापमापी ताप सांगेनाशी होते. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे नियमाच्या स्वरूपात मांडले : एखाद्या आकड्यावर जितके निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा आणि त्यामागचे काम दोन्ही बिघडतात. अटलांटा शहराच्या सार्वजनिक शाळांत चाचण्यांचे निकाल वर्षानुवर्षे चढत गेले. तिथल्या शिक्षणप्रमुख बेव्हर्ली हॉल यांचा २००९ मध्ये राष्ट्रीय सन्मान झाला. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा सहभाग आढळला. उत्तरपत्रिकांवर चूक खोडून बरोबर केलेल्या खुणा, योगायोगाने होऊ शकतील त्याहून कितीतरी जास्त होत्या, त्यावरून संशय पक्का झाला. म्हणजे संख्याशास्त्रानेच ते पकडून दिले.

आपल्याकडेही अभिजीत सिंग यांनी मध्य प्रदेशात सरकारी चाचणीनंतर त्याच मुलांची स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा सरकारी आकडे फार फुगलेले निघाले. डग जॉन्सन आणि आंद्रेस पॅराडो यांनी २०२१ मध्ये राज्याराज्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षणातले निकाल 'असर' आणि इतर पाहणीशी ताडून पाहिले. राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे बरेच चढे होते आणि राज्यांचा क्रम जुळत नव्हता. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या माणसाला आपल्याच वर्गाचे पेपर तपासून आपल्याच कामाचा निकाल भरायला लावतात आणि त्या निकालावरून त्याला बोल लावतात, त्याच्याकडून निर्मळ आकडा मिळेल अशी अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते?

ही युक्ती नवी नाही, हे विशेष. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आणि आपल्या मुंबई इलाख्यातही 'निकालाप्रमाणे अनुदान' ही पद्धत होती. तपासनीस येऊन परीक्षा घेई आणि किती मुले उतरली त्यावर शाळेचा पैसा ठरे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ही पद्धत गरीब आणि निरक्षर वर्गांत शिक्षण पसरवण्याला योग्य नाही असे बजावले होते. त्यांचे कारण अगदी व्यवहारी होते : ज्या वस्तीत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तिथे अशा अटीवर शाळा काढून कोणाचे पोट भरणार नाही, म्हणून कोणी काढणारच नाही. आज पगार निकालावर नाही. पण बदली, शेरा, सत्कार, नोटीस यांचा रोख बदललेला नाही, आणि ज्या वर्गात बांधकामावरची मुले सत्राच्या मध्ये येऊन बसतात त्या वर्गाकडे शिक्षकाने कोणत्या नजरेने पाहावे हे तो रोखच ठरवतो.

मग या सगळ्या खटाटोपातून मानपाड्याच्या शिक्षिकेने घ्यावे काय? सरासरी तिच्या उपयोगाची नाही. उपयोगाची गोष्ट अशी : कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी कोणता चुकीचा पर्याय निवडला. ही माहिती उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्रात असते. जिल्ह्याच्या बैठकीपर्यंत पोहोचेपर्यंत तिची टक्केवारी झालेली असते. २००६ मध्ये एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेने विप्रोबरोबर पाच महानगरांतल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळांची पाहणी केली. तीत पट्टीशेजारी ठेवलेल्या पेन्सिलीचे चित्र होते, पण पेन्सिलीचे टोक शून्यावर नव्हते. पुष्कळ मुलांनी पेन्सिल जिथे संपते तो आकडा लिहिला. त्या मुलांना 'मोजमाप येत नाही' असे म्हणणे खरेही नाही आणि उपयोगाचेही नाही. त्यांना शेवटचा आकडा वाचायला येतो. लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, कारण वर्गात पट्टी नेहमी शून्यावरच ठेवली जाते. आणि ही गोष्ट महागड्या शाळांतही तशीच आढळली, म्हणजे दोष वस्तीचा नाही, शिकवण्याच्या रीतीचा आहे.

हा प्रश्न विचारायला राष्ट्रीय सर्वेक्षणाची वाट पाहावी लागत नाही. दप्तरांत तुटक्या पट्ट्या भरपूर असतात. चौथीच्या वर्गात तीनपासून सुरू होणारी एक तुटकी पट्टी घ्या, खडूची कांडी तिच्याजवळ धरा आणि प्रत्येकाला लांबी कागदावर लिहायला सांगा, नाव न घालता. कागद गोळा करून उत्तरांचे ढीग लावा. बरोबर उत्तरांचा ढीग बाजूला ठेवा आणि चुकीच्या उत्तरांतला सर्वांत मोठा ढीग कोणता ते पाहा. दुसऱ्या दिवशीचा तास त्या ढिगापासून सुरू करता येईल.